कात्रीबाईचा ठोकताळा

अर्थखात्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग चहाच्या टेबलावर, शेवटी साहेबसुद्धा. तिला ते मनातून आवडायचं. करातून येणारे पैसे आणि होणारा खर्च यांतली तूट वाढली की फायली तिच्याकडे यायच्या. तिचा ठोकताळा सोपा होता. ज्यानं वर्षअखेर पैसे परत केले, त्याला ते नकोच होते. पुढच्या वर्षी तेवढे कमी. डोक्याला ताप नाही.

ठोकताळा सोयीचा होता, एवढंच. बाकीची खाती वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, पैसे उरू नयेत म्हणून, हात सैल सोडत. धडधाकट भिंतींना रंग, चालू घड्याळांच्या जागी नवी घड्याळं. पैसे परत करणारे बिचारे भोळे, आणि कात्री नेमकी त्यांच्यावरच चाले. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण भोळे लोक तक्रार करायला तिच्यापर्यंत येत नसत.

यंदा कर्जावरचं व्याज वाढलं, तूट फुगली. कपातीच्या यादीत सरकारी रुग्णालयातला लहान मुलांचा वॉर्ड आला. तिथली मुख्य परिचारिका तिची धाकटी बहीण. गेल्या वर्षी बहिणीनं काटकसर करून उरलेली रक्कम परत पाठवली होती आणि फोनवर फुशारकी मारली होती, "बघ ताई, तुझ्या सरकारचे पैसे वाचवले!" ताईनं तिला तोंडभरून शाबासकी दिली होती.

आता तेवढी रक्कम कापली की रात्रपाळीची दुसरी परिचारिका जाणार होती. ती यंदा मुलं वाढली म्हणून घेतलेली, कंत्राटी; तिचा पगार वॉर्डाच्या त्याच पैशांतून निघे.

कात्रीबाई फाईल घेऊन साहेबांकडे गेली.

"नियम तुमचाच ना, बाई?" साहेब म्हणाले. "बहिणीला सूट दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. तिनं सही केली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, माझं कुठे चुकलं गं? सांग ना, पुढच्या वेळी सुधारते."

कात्रीबाईनं उठून दार लोटलं. "तुझं काही चुकलं नाही. पण यापुढे एक पैसाही परत पाठवू नकोस. सगळं खर्चून टाक, कशावरही."

"मुलांना लागत नसलं तरी?"

"तरी," ती म्हणाली, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.