खुशालरावाच्या शेतातला सरवा

दूर कुठे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. चांदूर बाजारच्या माळ्यांनी मेथी-वांग्यांचे वाफे मोडून कापसाची पऱ्हाटी पेरली. काल ज्याला कोणी विचारत नव्हतं, तो आज मिशीला पीळ देत हिंडू लागला. अशा दिवसांत रिकाम्या हातांनी गावात परत येणं म्हणजे लग्नघरात सुतक घेऊन शिरणं. मैनाबाई माळीण तशीच परत आली.

चार वर्षांपूर्वी नवरा शालिकराम आणि लेक उत्तम यांच्यासोबत ती अकोल्याला गेली होती. जुन्या शहरात मोर्णेकाठी एक खोली होती. बापलेक कापसाच्या गाड्या भरत, दोन वेळची भाकर सुखाची मिळे. मग पटकीची साथ आली. सोमवारी बाप गेला, बुधवारी लेक. उरली ती सून जमुना, विशीतली, पोटी पोर नाही. गावातली वाडी तोवर भावकीनं गिळली होती. मैनाबाई लोकांची भाजी टोपलीत घेऊन बाजारात बसू लागली.

माळ्यांत विधवेचा पाट लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जमुनेचा पाट लागावा, ही मैनाबाईची इच्छा. आपली काही काळजी नाही, असं ती चारचौघांत म्हणे. ते साफ खोटं होतं. जमुनेच्या नव्या घरात आपल्यालाही एक कोपरा मिळावा, यासाठी तिचा जीव तुटत होता. जमुना गेली तर 'जेवलात का?' असं विचारणारं तिला जगात कोणी राहणार नव्हतं.

बाजारात तिच्या शेजारी पुंजाराम बसायचा. नगरकडचा हा किरिस्ताव पादऱ्यांची पुस्तकं विकायचा. पुस्तकं फारशी खपत नसत, शिव्या मात्र भरपूर मिळत. बिचारा दोन्ही हसून पिशवीत भरी. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यानं मैनाबाईला एक गोष्ट सांगितली. दुष्काळात एक बाई परमुलखात गेली. तिथे नवरा वारला, मुलगे वारले. विधवा सुनेला घेऊन ती रित्या हातांनी गावी आली. सून एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली, कापणीनंतर मागे पडलेली कणसं गोळा करायला. मालकानं तिला पाहिलं, विचारपूस केली, पुढे लग्नच केलं. नातू म्हातारीच्या मांडीवर खेळला.

"ती त्या शेतात चुकून गेली नव्हती बाई," पुंजाराम म्हणाला. "देवानं तिला तिथं नेलं होतं."

मैनाबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. परक्या देशातल्या परक्या देवाच्या पोथीत आपलंच नशीब लिहून ठेवलेलं पाहिल्यावर दुसरं काय होणार? घरी जाईपर्यंत तिनं गावातलं शेतसुद्धा ठरवलं, खुशालरावाचं. खुशालराव जातीतला होता, कूळ वेगळं होतं, बायको जाऊन वर्ष झालेलं आणि साठ एकरांत पऱ्हाटी उभी. एवढा नमुनेदार माणूस देवालाही शोधून सापडला नसता.

त्याच आठवड्यात जमुनेचा भाऊ शेषराव आला. अकोल्याकडच्या एका बिजवर गाडीवानाचं स्थळ त्यानं आणलं होतं. माणूस निर्व्यसनी, म्हातारीलाही ठेवायला राजी.

"आमचं जमून राह्यलं दुसरीकडं," मैनाबाईनं ठणकावलं. शेषरावानं बहिणीकडे पाहिलं. जमुनेनं मान खाली घातली. सासूवर तिचा जीव होता, आणि सासूच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तकाकी आली होती. ती मोडायला तिचं मन झालं नाही.

खुशालरावाच्या शेतात शेवटची वेचणी आटोपली. मैनाबाईनं जमुनेला न्हाऊ घातलं, उत्तमनं घेतलेलं हिरवं लुगडं नेसवलं. "वेचणी झाली का शेत गरिबाले मोकळं असते. मालक दिसला तं पळू नको, नीट बोल."

मैनाबाईच्या उमेदीत ते खरंच होतं. झाडावर राहिलेला कवडी कापूस गोरगरीब वेचून नेत, मालक तिकडे बघतही नसे. पण ती अकोल्याला असताना भाव असे चढले, की किडका, डागी कापूसही गाडीत जाऊ लागला. सरवा बंद झाला. ज्यांना सरवा लागत होता त्यांना ते कळलं होतं. मैनाबाईला कोणी सांगितलं नाही.

राखणदारानं जमुनेला भर दुपारी ओटीतल्या कापसासकट धरलं. खुशालराव आला. त्यानं विचारलंही, "कोणाची वं तू?" तिनं सांगितलं.

"शालिकरामची सून? चोरी करताना लाज नाई वाटली?"

चावडीपुढे तिला दिवस मावळेपर्यंत उभं केलं, कापूस ओटीत तसाच ठेवून. हिरवं लुगडं लांबूनही दिसत होतं. मैनाबाई धावत आली, खुशालरावाच्या पायांवर पडली. "म्याच धाडली तिले. सरव्याले धाडली."

"सरव्याचे दिवस गेले, म्हातारे," तो म्हणाला. रागानंही नाही, सरळच म्हणाला, आणि पाय सोडवून घेतले.

पंधरा दिवसांनी शेषराव पुन्हा आला. गाडीवानाच्या कानावर गोष्ट गेली होती. पोरीला करतो म्हणत होता, पण जिनं चोरीला धाडलं ती म्हातारी त्याला घरात नको होती.

"घेऊन जा," मैनाबाई म्हणाली.

जमुना चुलीपाशीच बसून राहिली. "आत्याबाई, तुमचं कसं होईन?"

"नांदगावले भाऊ हाय माहा. त्याच्याकडं जातो मी."

नांदगाव खंडेश्वरचा भाऊ तीन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याचं सुतक दोघींनी अकोल्याच्या त्या एकाच खोलीत पाळलं होतं. जमुनेनं सासूकडे बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि गाठोडं बांधायला उठली.

पुढच्या बाजारी मैनाबाईनं झालेलं सगळं पुंजारामला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "त्या मुलखात तसा कायदाच होता बाई. सरवा गरिबाचा, मालकानं उचलायचा नाही. मी ते सांगायला हवं होतं." मग हळूच म्हणाला, "जमुनेचं घर तर वसलं. त्यातही देवाचा हात असेल."

"असन. तिच्यासाठी असन." मैनाबाईनं भाजीवरचं ओलं फडकं सारखं केलं. "तुह्या पुस्तकात एकट्या म्हातारीची गोष्ट हाय का?"

"आहेत की. एक विधवा होती, तिच्या घरचं शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं..."

"मंग?"

"मग देवानं तिच्या दाराशी एक माणूस पाठवला."

"मंग नको सांगू," मैनाबाई म्हणाली, आणि समोरून जाणाऱ्या बाईला मेथी घे म्हणून हाका मारू लागली.