ताकदीचा रकाना

हैदराबादच्या ऑफिसातून घेतलेली बिनपगारी रजा संपत आली होती आणि बँकेत द्यायचा प्लॅन अजून घरातच लोळत होता. प्लॅन मंजूर झाला तर आदिलाबादजवळच्या जैनथला आमची छोटी डाळमिल उभी राहणार. नाही तर मी पुन्हा त्या काचेच्या इमारतीत जाऊन दुसऱ्यांच्या मालाची बिलं तपासत बसणार. मधला रस्ता नव्हता. माझा स्वभाव मुळातच उतावळा, त्यात हे असं टांगणीला लागलेलं. मी दिवसभर घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करायची.

"पायाले भिंगरी लागली का वं तुया?" आई म्हणायची.

कल्पना साधी होती. आमच्याकडे कपाशीच्या ओळींमध्ये तूर होते. ती व्यापारी घेऊन जातो आणि तिचीच डाळ चकचकीत पाकिटात बसून परत आमच्याच दुकानात येते. मला याची लहानपणापासून चीड. तूर इथली, ऊन इथलं, मग डाळ का बाहेरची? एवढं एक वाक्य बँकेला पुरेल असं मला वाटत होतं. आदिलाबादला झालेल्या प्रशिक्षणात कळलं की पुरत नाही. तेलुगूतून शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर प्रश्न मांडले. गिऱ्हाईक कोण, ते आज कुणाकडून घेतं, त्याला सोडून तुमच्याकडे का येईल, पहिलं वर्ष तोट्यात गेलं तर घर कसं चालेल. शेवटी त्यांनी चार चौकोन आखले: ताकद, कमजोरी, संधी, धोका. माझे भागीदार म्हणून बाबा शेजारी बसले होते. मान डोलावत सगळं उतरवून घेत होते. मी मनात म्हटलं, झालं काम.

कारण लिहिण्यात बाबांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. आजोबा सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबले. बाबा शिकले, तहसील कचेरीत कारकून झाले आणि निवृत्त होईपर्यंत कचेरी सुटल्यावर लोकांचे अर्ज लिहीत राहिले. शिष्यवृत्ती, विधवेची पेन्शन, रेशनकार्ड, पहाणीची म्हणजे सातबाऱ्याची नक्कल, काय म्हणाल ते. पैसे कधी घेतले नाहीत, फार तर चहा. त्यामुळे मशीनचा भाव, विजेचं कनेक्शन, शेडचं भाडं या सगळ्याच्या मागे मी धावले आणि लिहिण्याचं काम त्यांच्यावर सोपवून मोकळी झाले.

त्यांनी लिहिलेला प्लॅन मी वाचला, इंग्रजीत टाईप केला आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. सुरुवातच होती, 'मेहेरबान मॅनेजर साहेबांच्या खिदमतीत, अर्जदार अत्यंत गरजू असून...' गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल, या प्रश्नाला उत्तर होतं, 'अर्जदाराची मुलगी सुशिक्षित असून तिला इथे उपजीविकेचे साधन नाही.' कमजोरीचा चौकोन अपुरा पडून मजकूर समासात गेला होता: शेती नाही, तारण नाही, घराण्यात धंदा कुणी केलेला नाही, मंडळ, म्हणजे आमच्याकडचा तालुका, मागास. ताकदीच्या रकान्यात वळणदार अक्षरात दोनच शब्द. 'काही नाही.'

माझी शाळा, कॉलेज, हॉस्टेल सगळं अशाच कागदांवर झालं. आम्हाला जे मिळालं ते 'नाही, नाही' असं लिहूनच मिळालं. मग मला खटकणार काय?

बँकेतल्या मॅडम माझ्याच वयाच्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसले. बाबा उभेच.

"बाबा, बसा ना."

"राहू दे."

साहेबासमोर बसायचं नाही, ही नोकरीतली सवय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन, समोरची मुलगी माझ्या वयाची, आणि हे हात जोडल्यासारखे उभे! मॅडमनी कागद खाली ठेवला आणि हिंदीत म्हणाल्या, "पढके बहुत दुख हुआ. लेकिन दुख पे लोन नई मिलता." प्लॅन नीट करून आणा, मग मी जागा बघायला येते, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये मी बाबांवर घसरले. आजूबाजूला ओळखीची माणसं आहेत याचंही भान राहिलं नाही.

"ताकद काही नाही असं कोणी लिहितं का, बाबा?"

ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "ताकद दाखोली त मंजूर कोन करन, पोरी? ताकदवाल्याचा अर्ज मंजूर झालेला मी त नाई पायला."

त्यांचं खोटं नव्हतं. म्हणून तर मला राग आणि रडू दोन्ही एकदम आलं.

घरी आई सुपात तूर पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमी बापलेकी आता कागदच खाऊन जगा. ताकद नाई म्हने! बजारातून घरी याले ह्यायले दुपार होते. जो तो थांबोते. व्यापाऱ्याले लोकं का हौसेनं तूर देतात? ह्यायले डोये मिटून देतीन."

मी तिथेच पेन काढलं. बाबांनी माझा हात धरला.

"नोको लिवू ते. लोक म्हनतीन, फुकट लिवून देल्लं अन् आता त्याचं भाडं मांगून राह्यला."

त्यांच्या डोळ्यांत खरीच भीती होती. क्षणभर माझाही हात थांबला. पण रजा संपत होती आणि तो चौकोन रिकामा होता. मी लिहिलं. जैनथ आणि भीमपूरच्या कोणत्या गावांतून तूर येईल ते लिहिलं, पहिल्या वर्षी घर बाबांच्या पेन्शनवर चालेल हेही ताकदीतच लिहिलं. बाबा माझ्याशी धड बोलेनात.

मॅडम जागा बघायला आल्या. शेड पूर्वी खताचं गोदाम होतं, वास अजून गेला नव्हता. आम्ही घरून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, दम धरणं मला जमत नाही: कर्ज मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा कमी, आणि बरंच उशिरा. हैदराबादला मात्र मी, मॅडम जागा बघून गेल्या त्याच संध्याकाळी, कळवून टाकलं की येत नाही.

तर मॅडम एका खुर्चीवर बसल्या. दुसरी मी बाबांसाठी पुढे केली, ती त्यांनी नेहमीसारखी टाळली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मॅडमनी पानं उलटली आणि तेलुगूत विचारलं, "व्यापारी शेतात येऊन रोख पैसे देतो. शेतकरी त्याला सोडून तुमच्याकडे का येईल?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"मॅडम," ते तेलुगूतच म्हणाले, "या मंडळात माझ्या हातचा कागद गेला नाही असं एक घर मला दाखवा. मी त्याचं कुणाकडे काही मागितलं नाही, मागणारही नाही. पण मी म्हटलं, तूर आणा, तर आणतील."

मग ते दारातून आत आले, रिकामी खुर्ची ओढली आणि मॅडमच्या समोर बसले.

खुर्च्या दोनच होत्या. मी उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला कुठेच जायची घाई वाटली नाही.