घासायला नको होते ते दात

त्या बाईंचे पुढचे दोन दात घासायची काहीच गरज नव्हती. ते माझ्या खोटं बोलण्यामुळं घासले गेले. मशीन डॉक्टरांच्या हातात होतं, पण दोष माझा.

हिंगोलीत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी दात करून देतो. वीस वर्षं कवळ्या नि कॅप केल्या. या बाई पुसेगावकडच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती बुजवा, पण अंगचा दात जरासुद्धा घासू नका, एवढीच त्यांची अट. त्यासाठी नखासारखा पातळ सिरॅमिकचा पापुद्रा दातावर चिकटवतात. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मी तो पाहून आलो होतो आणि डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, जमतं म्हणून.

पहिला पापुद्रा पॉलिश करताना तडकला. दुसरा चिमटीतच मोडला. तिसऱ्यांदा भट्टी लावायचा धीर होईना, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"काय म्हणता, झालं का?"

"साहेब, एवढ्या पातळात बसंना. थोडं घासावं लागंल."

"बाई नको म्हणून राहिल्या ना."

"न घासता बसवलं तर घोड्यावानी दिसतील दात."

डॉक्टर हसले. जमत नाही म्हणालो असतो तर काम नांदेडला गेलं असतं, एवढंच. पण डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, बाईंनी डॉक्टरांवर. जाड पापुद्रे मी एका दिवसात केले. रंग असा जुळला की शेजारच्या दातांत ओळखू येईनात. डॉक्टरांनी पाठ थोपटली, तीही मी थोपटून घेतली.

चार महिन्यांनी बाई तपासणीला आल्या, तेव्हा मी दवाखान्यातच होतो. डॉक्टरांनी ओळख करून दिली.

"तुमीच का ते दादा? लय बराबर केले. लेकरं म्हणतेत, बाई, फट कुठं गेली?" बोलता बोलता त्या थांबल्या. "थंड पाणी तेवढं सहन होईना. माठातलंबी कोमट करून पिऊन राहिले. जाऊ द्या. घासणं भागच होतं म्हणल्यावर काय करता?"

स्वतःची अशी समजूत घालायला मीच त्यांना लावलं होतं.

"भाग नव्हतं, बाई," मी म्हणालो. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "पातळ करायला मला जमलं न्हाई. दोनदा मोडलं. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून साहेबांना घासा म्हणालो. तुमच्या चांगल्या दातांचं मी वाटोळं केलं. मला माफ करा."