निरोपाची रिकामी चौकट

दवाखान्याच्या फोनवर बसणाऱ्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. खरी भाची एकच. ती दोन वर्षं इथं नर्स होती, मग दुसरीकडे गेली. पण जाताना हे नातं सगळ्या दवाखान्याला वाटून गेली. आत्याबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. सव्वीस वर्षं त्या फोन घेत होत्या आणि गेली दहा वर्षं संगणकही चालवत होत्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यांच्या डाव्या कानात बोलायचा, पेशंट उजव्या. स्क्रीन रीडरला त्या ‘आमचे हे’ म्हणत. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं. आणि ‘हे’ इतक्या वेगानं बोलत, की दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळत नसे.

मग पेशंटना वेळ देण्यासाठी नवं वेबपान आलं. जुन्यात बटण दाबलं की अख्खं पान नव्यानं उघडायचं आणि ‘हे’ वरपासून वाचायला लागायचे. नव्यात सगळे बदल जागच्या जागी व्हायचे. बाकीचे खूश झाले. तिसऱ्याच दिवशी साडेदहाला डॉक्टरांच्या दारात दोन पेशंट आले: व्हीलचेअरमधले एक आजोबा आणि तापानं फणफणलेलं एक बाळ. आजोबांना ती वेळ दुसऱ्या टेबलावरून मिळाली होती. बाळाच्या आईला आत्याबाईंनी दिली होती. त्यांनी बटण दाबलं होतं, पान काहीच बोललं नव्हतं, म्हणजे काम झालं असं त्या समजल्या होत्या.

व्यवस्थापक माणूस चांगला होता, म्हणून तर जास्त लागलं. "शनिवारपर्यंत बघू, आत्याबाई," तो म्हणाला. "नाही जमलं तर फाइलींच्या खोलीत निवांत बसा. खूप केलंत तुम्ही." त्या खोलीची किल्लीही त्यानं टेबलावर ठेवली.

त्या खोलीत फोन नव्हता. आत्याबाईंना रडू आलं, रागही आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. पानानं काही सांगितलंच नाही, की सांगितलं आणि ‘ह्यां’च्या कानावर गेलं नाही? त्यांनी एक वेळ निवडली, दुसऱ्या टेबलावरून तीच आधी द्यायला लावली आणि मग आपलं बटण दाबलं. चिडीचूप. मग बाणाच्या कळीनं एकेक ओळ उतरत पार तळाशी गेल्या. तिथं निरोप होता: ‘ही वेळ नुकतीच गेली. दुसरी निवडा.’

"लिहिलंय की!" आत्याबाईंनी टेबलावर थाप मारली. "आणि आमचे हे मूग गिळून बसलेत!"

पान बनवणारी प्रोग्रामर आली, तिनं ऐकून घेतलं आणि ती ओशाळली. पानावरचा प्रत्येक बदल आता वाचला जाईल, अशी सोय तिनं केली. झालं! पानाच्या कोपऱ्यातलं घड्याळ दर सेकंदाला वेळ सांगायला लागलं. पेशंटचं नावसुद्धा ऐकू येईना.

"अगं, गप्प होते तेच बरे होते!" आत्याबाई हसून हसून बेजार झाल्या.

प्रोग्रामरनं घड्याळाला गप्प केलं, फक्त निरोप बोलता ठेवला. शुक्रवारी आत्याबाईंनी आठ वेळा पान नव्यानं उघडून पाहिलं. पान उघडल्यावरचा पहिला निरोप प्रत्येक वेळी गिळला जाई. दुसऱ्यापासून सगळं सुरळीत.

"मला तर पहिलाही दिसतोय, आत्याबाई."

"तुला दिसेल गं. मला सांग, ही निरोपाची चौकट पान उघडल्यापासून तिथं असते का?"

"नाही. सांगण्यासारखं काही झालं की बनते, मजकुरासकट. रिकामी कशाला ठेवायची?"

"मग कान कुठं द्यायचा, हे ह्यांना कळणार कसं?" आत्याबाई पुढे सरसावल्या. "मी इथं लागले, तेव्हा पहिल्या दिवशी फोन वाजायच्या आधीच कुणीतरी माझा हात धरून तो कुठं आहे ते दाखवलं होतं. म्हणून वाजल्यावर बरोबर उचलता आला."

प्रोग्रामरनं कीबोर्ड पुढे ओढला. मग कळा वाजल्या. "रिकामी चौकट आधीच ठेवलीय. कुणाला दिसणार नाही," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी व्यवस्थापक टेबलाशी येऊन उभा राहिला. आत्याबाईंनी पान उघडलं आणि फोन वाजला. एका गृहस्थांना अकराची वेळ हवी होती. बटण दाबताना आत्याबाईंच्या पाचावर धारण बसली होती. डाव्या कानात आवाज आला: ‘ही वेळ नुकतीच गेली. दुसरी निवडा.’ पहिलाच निरोप!

"अकराची वेळ गेली हो!" त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या, की ते गृहस्थ चिडले.

"अहो, मग त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"आहे ना! सव्वाअकरा देऊ का?"

चालेल म्हणाले. इतक्यात टेबलावरून किल्ली उचलल्याचा आवाज झाला, आणि तो आत्याबाईंना कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही.