योहानाताईंचा मला वाटणारा हेवा

योहानाताईंच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी आधी नकार दिला होता. आदराचे चार शब्द कुणीही लिहील. माझ्यापाशी आदराहून हेवाच जास्त आहे.

आमची पहिली भेट २०२०च्या सुरुवातीला झाली, आयर्लंडमधल्या किलकेनीच्या हौशी नाटकमंडळात. पुण्यात दहा वर्षं प्रायोगिक नाटकं करून मी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले होते. नव्या नाटकाच्या निवडचाचणीत आगाऊ आत्याची भूमिका मलाच मिळणार, याची मला खात्री होती. माझ्यानंतर एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. त्यांनी हरवलेला चष्मा शोधण्याचा नुसता अभिनय केला आणि सगळे पोट धरून हसले. भूमिका त्यांना मिळाली. मला मिळालं विंगेतून वाक्यं पुरवायचं प्रॉम्प्टिंग.

ताईंचा जन्म इंडोनेशियातल्या बांडुंगचा. आई जावानीज, वडील डच. लहानपणी बोटीने हॉलंडला गेल्यावर शाळेत त्यांच्या उच्चारांची टिंगल होई. पुढे त्याच उच्चारांत बोलणारी मावशी त्यांनी रंगमंचावर उभी केली आणि टिंगल करणाऱ्यांनाच रांगेत उभं राहून तिकीट काढायला लावलं. आयरिश पतींबरोबर त्या इकडे आल्या, त्या चाळीस वर्षांची कारकीर्द मागे ठेवून.

लॉकडाऊनमुळे आमचं नाटक लांबलं. निर्बंध सैल होताच ताई वृद्धाश्रमांच्या खिडक्यांबाहेर एकपात्री करू लागल्या. गाडी मी चालवत असे. सांगलीहून आलेल्या आणि इथेच अडकलेल्या माझ्या सासूबाई एकदा सोबत आल्या. "एक अक्षर कळंना बघ, पण हसू आवरंना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. माझ्या मराठी नाटकांना याच सासूबाईंना हमखास डुलकी लागायची!

अखेर २०२१च्या उन्हाळ्यात ते नाटक एका उघड्या अंगणात झालं. दुसऱ्या अंकात ताई वाक्य विसरल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संहितेतलं ते वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी गप्प राहिले.

ताई सावकाश प्रेक्षकांकडे वळल्या. "थांबा हं. या वयात वाक्यं चालत येतात, धावत नाहीत."

अंगण दणाणलं. मग कुठे मी वाक्य पुरवलं.

प्रयोगानंतर ताईंनी मला बाजूला घेतलं. "वृंदा, वाक्य सापडत नव्हतं का?"

खोटं बोलवेना. "सापडलं होतं."

त्या म्हणाल्या, "तरुणपणी प्रॉम्प्टिंग करताना मीही हेच केलं होतं. समोर एक थोर अभिनेत्री होत्या. त्यांना सावरता आलं नाही. पुन्हा त्या कधी रंगमंचावर आल्या नाहीत, आणि माफी मागायचं माझं राहूनच गेलं."

"ताई, मला माफ करा."

"ग्रँड," इथले लोक 'ठीक आहे, सोडून दे' या अर्थी म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "आता उद्याचा प्रयोग तू कर. प्रॉम्प्टिंगला मी बसते."

दुसऱ्या दिवशी मी आत्या झाले. लोक हसले, ताईंना हसतात तितके नाही. पहिल्याच अंकात मी अडखळले, आणि मला घाम फुटायच्या आत ताईंचा हलका आवाज कानी आला. एका क्षणाचाही उशीर झाला नव्हता.

त्या दिवसापासून मला त्यांच्या विनोदाचाच नव्हे, मनाच्या मोठेपणाचाही हेवा वाटतो. तो जाईल असं दिसत नाही. म्हणून ताई, गुडघे जपा, औषधं चुकवू नका आणि शंभरी ओलांडूनही लोकांना असंच हसवत राहा. तुमच्यावर जळण्यात मला अजून पुष्कळ वर्षं घालवायची आहेत.