लोणावळा ते बेगडेवाडी एवढा समुद्र

समुद्र म्हणजे अथांग, असं मी आजवर धरून चालले होते. आमचा मुलगा तेलाच्या जहाजावर स्वयंपाकी आहे. आखातातून निघताना त्याचा फोन आला, "आई, उद्या होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडायची आहे. तिथे जहाजांवर हल्ले होतायत. एक-दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणे! मी तिथल्या तिथे मोबाईलवर नकाशा उघडला. वर इराण, खाली ओमानचे डोंगर, आणि मधलं पाणी? लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने बेगडेवाडी, बस्स, तेवढंच! एवढ्याशा चिंचोळ्या पाण्यातून जगभराचं तेल जातं, आणि उद्या त्यातून माझं लेकरू जाणार.

"अहो, बघा तरी हे," मी ओरडले. आमच्या ह्यांनी उभा जन्म बोरघाटात ट्रक चालवला. मोबाईल लांब धरून म्हणाले, "ही तर खिंडच की. जुनी दिसतीय."

जुनी आहेच. मागच्या सुट्टीत मुलगाच सांगत होता, याच वाटेने अरबी घोडे आपल्याकडे यायचे, आणि पोर्तुगीज तिथल्या बेटावर किल्ला बांधून जकात उकळायचे.

"म्हंजे आपल्या लोहगडावानीच. खिंड म्हटली की वर कुणीतरी बसणारच," हे म्हणाले. "पर खिंडीत माणूस माणसाला वाऱ्यावर सोडत न्हाई. काळजी करू नगं."

"तुमचा घाट तुमच्यापाशी ठेवा!" मी भडकले. घाटात गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं, चाकाला दगड लावायचा, 'काय झालं भाऊ' विचारायचं, मगच पुढे जायचं, हा ह्यांचा धर्म. आमच्या लग्नाची वरात खोपोलीहून घाट चढत होती, तर नवरदेवच जीप थांबवून खाली उतरला, कुणा परक्या ट्रकला दगड लावायला! वरातीतली म्हातारी माणसं शिव्या घालत होती. मुलगा हे किस्से ऐकत आणि घाटात बापाशेजारी बसूनच मोठा झाला.

फोन बंद होता तोवर घरात कुणी धड जेवलं नाही. मग भर दुपारी वाजला. "आई, बाहेर पडलो. सुखरूप आहे." मी रडतच सुटले. त्याने विचारलं, "बाबा आहेत का?" मी स्पीकर लावला.

"बाबा, आमच्या पुढचं जहाज पेटलं होतं. वर माणसं हात हलवत होती. आम्ही थांबलो नाही. थांबायचं नाही, असा हुकूमच होता. मागून मदत येतेय, असं कप्तान म्हणाले. मी किचनच्या खिडकीतून नुसता बघत राहिलो. बाबा, तुम्ही काय केलं असतं?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही, पाहुण्यारावळ्यांतसुद्धा नाही. आता पोराला काय सुनावतात देव जाणे! फोन हिसकावायला मी हात पुढे केला.

"मीबी थांबलो नसतो, पोरा," हे म्हणाले. "तू जेवलास का?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. फोन ठेवल्यावर ह्यांनी मलाच विचारलं, "मागून कुणी आलं असंल ना गं?"