आबांचं खाकरणं

आबा घरात शिरण्याआधी खाकरायचे. जुन्या माणसांची ही सवय तुम्हीही पाहिली असेल. दाराशी आलं की घसा साफ करायचा, म्हणजे आतल्या बायकांना पदर सावरायला वेळ मिळतो. पण आबा दाराशी नाही, गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपाशी खाकरायचे, आणि तेही असं की गिरणीचा आवाज मागं पडावा. गिरणीवाला चिडवायचा, "आबा, घर तिकडं हाय. इथं कोन लाजून राह्यलं?"

त्याला कारण मी होते.

जानेफळात त्यांच्या घरासमोरच मी राहते आणि पुढच्या चौकात माझी फिजिओथेरपीची खोली आहे. दिवसभर गुडघेच गुडघे. आबांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागत होती. रुईची पानं बांधून झाली होती, कुणाचं तरी काळं तेल चोळून झालं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं होतं की गुडघ्यातली गादी झिजलीय, पण अजून वेळ गेलेली नाही. व्यायाम करा, खाली बसणं बंद करा, नाही तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हटलं की वहिनींचा चेहरा पांढराफटक पडायचा. "मंग मेथीच्या जुड्या कोन बांधीन?" एवढंच विचारायच्या.

मी त्यांना समजावलं. सगळं दुखणं गादीचं नसतं. मांडीचा स्नायू ढिला पडला की अंगाचा भार सांध्यावर येतो, म्हणून आधी मांडी बळकट करायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. हे सगळं त्या निमूट करायच्या. खुर्चीवर बसा म्हटलं, तिथं अडल्या.

"मामाजीसमोर खुर्चीवर? कायच्या काय बोलता, ताई!"

लग्न होऊन आल्यापासून त्या सासऱ्यांसमोर उंचावर बसल्या नव्हत्या. दुपारभर अंगणात पोत्यावर मांडी घालून मेथीच्या जुड्या बांधायच्या, आणि समोर ओट्यावर आबा. आता सांगा, असला गुडघा मी काय कपाळ बरा करणार? मी सरळ आबांनाच गाठलं.

"म्या कवा नाही म्हटलं तिले?" आबा गोंधळले. आणि लगेच अंगणाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अवं, बसत जाय खुर्चीवर! माही काही हरकत नाही."

झालं! वहिनी लाजून चूर. हातातली जुडी टाकून आत गेल्या आणि आबा ओट्यावर होते तोवर बाहेर आल्याच नाहीत. आत जमिनीवरच बसल्या, हे काय सांगायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की आबा टोपी घालून बाहेर पडू लागले. मुलाला सांगून अंगणात बाज टाकवली, मेथीचा ढीग तिच्यावर ठेवला, शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची. आणि स्वतः मारुतीच्या पारावर. मे महिन्यात एकदा भर उन्हात मी त्यांना तिथं पाहिलं. वारा नावालाही नव्हता.

"आबा, घरी पंखा हाय ना?"

"मले पारावर बरं वाटते."

थंडीत कानाला उपरणं गुंडाळून बसायचे, तरी उत्तर तेच. पावसात गिरणीच्या पत्र्याखाली उभे असायचे, तिथं पारही नव्हता, तरी तेच. मला दोघांचाही राग यायचा. एक खुर्चीवर बसायचं, त्याला केवढा हा खटाटोप!

सुरुवातीला ते दाराशीच खाकरायचे. वहिनी दचकून ताडकन उठायच्या आणि गुडघा धरून कळवळायच्या. मी आबांना झापलं, "जरा लांबून खाकरत जा." म्हणून ती गिरणी. मग वहिनींना शिकवलं, आवाज आला की पाय मागं घ्यायचे, पुढं वाकायचं, आणि हात न टेकता मांडीच्या जोरावर उठायचं. व्यायामच आहे तो. खोलीत पेशंटकडून मी हेच करवून घेते.

त्यानंतर आबांच्या चकरा वाढल्या. पाणी प्यायला येत, चुन्याची डबी राहिली म्हणून येत, उपरणं विसरलं म्हणून येत. दर वेळी गिरणीपाशी खाकरणं, दर वेळी वहिनी उठायच्या, आणि आबा पारावर परतले की पुन्हा बसायच्या.

"लईच तहान लागून राह्यली आबा तुमाले," मी एकदा हसून म्हटलं.

"तूच म्हनली ना, उठबस चांगली म्हून?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तिले सांगू नको."

हळूहळू वहिनींची भिंत सुटली. डॉक्टर म्हणाले, सध्या ऑपरेशनचं नाव नको.

गेल्या हिवाळ्यात आबा सकाळी उठलेच नाहीत. लोक रडत होते. मला काहीच झालं नाही. सुतकात वहिनी किती दिवस जमिनीवर बसतील, गुडघ्याचं काय होईल, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. काय माणूस म्हणायचं मला!

तेरवी झाली. आता वहिनींना खुर्चीवर बसायला कुणाची आडकाठी नाही. मेथी संपली तरी त्या बसून राहतात. व्यायामाचं काढलं की म्हणतात, "काऊन उठू, ताई? कोन येऊन राह्यलं?" गुडघा पुन्हा आखडू लागला. एक दिवस उठताना त्यांनी भिंत धरली. मी पाहिलं आणि घरात गेले.

मग एका संध्याकाळी खोली बंद करून येत होते. गिरणीत ज्वारीचं दळण चाललं होतं, पीठ घशात गेलं आणि मला जोराचा ठसका लागला. तिकडं अंगणात वहिनी उठल्या. पाय मागं, पुढं वाकून, हात न टेकता. पदर डोक्यावर घेऊन त्या गल्लीकडं पाहत उभ्या राहिल्या. मी आहे हे दिसलं, तरी लगेच बसल्या नाहीत.

मी घरी आले, दार लावलं आणि आबांसाठी पहिल्यांदा रडले.

आता गिरणीपाशी आले की मी खाकरते. गिरणीवाला चिडवत नाही. मी आहे हे वहिनींना ठाऊक आहे, तरी त्या उठतात. मी त्यांच्याकडं पाणी मागते, पिते, काहीतरी विसरलं म्हणते, आणि पुन्हा गिरणीपर्यंत जाऊन येते.